घरी केलेले संत्र्याचे आईस्क्रीम बर्फासारखे कडक होते आणि कडूही लागते; नेमके कुठे चुकते आहे?

त्रिमूर्तीनगर यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या गुढीपाडव्याला माझ्या सासूबाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या दिवशी जेवणानंतर घरी केलेले संत्र्याचे आईस्क्रीम त्यांच्यापुढे ठेवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यांचे माहेर नरखेडकडचे असून लहानपणी घरच्या बागेतली संत्री सोलून, त्यांचा रस काढून त्या मोठ्या झाल्या आहेत. त्यामुळे बाटलीतला संत्र्याचा अर्क आणि नारिंगी रंग घातलेले काही त्यांना पहिल्या चमच्यालाच ओळखू येईल. मृग बहाराची संत्री सध्या बाजारात चांगली मिळत आहेत आणि माझ्या हाताशी अजून तीन आठवडे आहेत.

आतापर्यंत मी तीन वेळा प्रयत्न केला. पहिल्या वेळी एक लिटर टोन्ड दूध, शंभर ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर असे मिश्रण शिजवले आणि ते कोमट असतानाच त्यात दोन वाट्या संत्र्याचा रस ओतला. दूध तत्काळ फाटले. दुसऱ्या वेळी रस न घालता तेच मिश्रण प्लास्टिकच्या डब्यात भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले, तर सकाळी त्यात चमचा रुतेना, आणि थोडे मऊ झाल्यावर खाल्ले तेव्हा दाताखाली बर्फाची कचकच आली. तिसऱ्या वेळी एका चलचित्रात पाहिल्याप्रमाणे केकवर लावण्याचे व्हिप टॉपिंग फेटून त्यात कंडेन्स्ड मिल्क मिसळले आणि पाणी कमी व्हावे म्हणून आटवून घेतलेला संत्र्याचा रस घातला. पोत मऊ आला, पण टाळूला तुपकट थर बसल्यासारखे वाटले, गोडी अती झाली आणि मागाहून जिभेवर स्पष्ट कडवटपणा राहिला. साखरेत लोळवलेला कडुनिंबाचा पाला खातो आहोत, असे माझ्या धाकट्या मुलाने सांगितले.

घरी दोन दारांचा फ्रिज, विजेवर चालणारा हँड बीटर आणि मिक्सर आहे. आईस्क्रीमचे यंत्र नाही. आमच्याकडे अंडे चालत नाही. साधारण चौदा माणसांना पुरेल इतके करायचे आहे. प्रमाणापेक्षाही मला कारण समजून घ्यायचे आहे, कारण कारण कळल्याशिवाय चौथ्यांदा दूध वाया घालवण्याचा धीर होत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

फॅट-एसएनएफ यांचे उत्तर

ताई, मी बरीच वर्षे दुग्धव्यवसायात काम केले आहे. तुमच्या तिन्ही प्रयत्नांत तीन वेगवेगळी कारणे आहेत. फाटणे आणि कडवटपणा यांविषयी संत्र्याच्या बागेतला माणूस माझ्यापेक्षा नेमके सांगू शकेल. मी दुधापुरते आणि बर्फापुरते लिहितो.

आईस्क्रीम हा मुळात गोठवलेला पाण्याचा पदार्थ आहे, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. त्यातल्या पाण्याचा बर्फ होणारच. तो इतक्या बारीक कणांचा व्हावा की जिभेला त्याचा स्पर्शच जाणवू नये, एवढेच आपण पाहायचे असते. बर्फाचा कण साधारण ५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे एखाद्या बारीक केसाच्या जाडीपेक्षा मोठा झाला की जिभेला तो कळतो, आणि तुम्ही वर्णन केलेली कचकच येते. म्हणून कोणतीही कृती करण्याआधी मिश्रणात पाणी किती आहे, याचा हिशेब कागदावर मांडावा.

तुमच्या दुसऱ्या प्रयत्नाचाच हिशेब करून पाहू. एक लिटर टोन्ड दुधाचे वजन सुमारे १,०३० ग्रॅम भरते. त्यात ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधात उरलेले प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार यांसारखे घन पदार्थ असतात. दोन्ही मिळून सुमारे १२० ग्रॅम झाले. त्यात साखर १०० ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम मिळवले, तर ११५० ग्रॅम मिश्रणात घन पदार्थ सुमारे २४० ग्रॅमच होतात. शिजवताना थोडी वाफ गेली असेल ती सोडली, तर शेकडा ७९ भाग पाणी उरले. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ज्याला ‘आईस्क्रीम’ म्हणता येते, त्यात किमान १० टक्के दुधाचे फॅट आणि किमान ३६ टक्के एकूण घन पदार्थ असावे लागतात, म्हणजे पाणी ६४ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. तुमचा हात कुठेही चुकलेला नाही. मिश्रणातच पाणी फार होते.

आता साखरेविषयी. साखर केवळ गोडीसाठी असते असे समजून अनेक जण ती कमी करतात आणि मग आईस्क्रीम दगडासारखे होते. पाण्यात साखर विरघळली की ते शून्य अंशाला गोठत नाही. चांगल्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे अडीच ते उणे तीन अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पाण्याचा काही भाग जसजसा गोठत जातो तसतसा उरलेला पाक अधिकाधिक घट्ट होतो आणि तो गोठण्यासाठी आणखी थंडी लागते. म्हणूनच उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्येही आईस्क्रीममधले सगळे पाणी गोठत नाही. सुमारे एक चतुर्थांश पाणी पाकाच्या रूपात द्रव राहते आणि त्या द्रवामुळेच चमचा रुततो. साखर १४ ते १५ टक्के असावी. त्याहून फार जास्त घातली, तर ते नीट बसतच नाही.

घरगुती साहित्यात बसणारे माझे प्रमाण असे आहे. एक लिटर फुल क्रीम दूध (६ टक्के फॅट) जाड बुडाच्या पातेल्यात आटवून ८०० ग्रॅमवर आणावे. पातेले आधी रिकामे तोलून घेतले की अंदाजाने काम करावे लागत नाही. त्यात बाजारातले २५ टक्के फॅटचे फ्रेश क्रीम २५० ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर ३० ग्रॅम आणि थंड दुधात कालवलेले कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम घालावे. हे १२७० ग्रॅम मिश्रण होते. त्यात फॅट जवळजवळ १० टक्के, एसएनएफ ११ टक्के आणि साखर १४ टक्क्यांच्या थोडी वर येते, आणि पाणी ६४-६५ टक्क्यांवर थांबते. दुधाची पावडर याहून वाढवण्याचा मोह टाळावा. दुग्धशर्करा पाण्यात फारशी विरघळत नाही. ती जास्त झाली की थंडीत तिचे स्फटिक बनतात आणि चार दिवसांनी आईस्क्रीम वाळू मिसळल्यासारखे रवाळ लागते.

तुमच्या तिसऱ्या प्रयत्नातले व्हिप टॉपिंग बहुधा वनस्पती तेलाचे होते. ते तोंडाच्या उष्णतेला दुधाच्या लोण्यासारखे विरघळत नाही. टाळूवरचा तुपकट थर त्याचाच. परदेशी कृतींत फेटून फुलवायला सांगितलेले क्रीम ३५ टक्क्यांच्या आसपास फॅटचे असते. आपले २५ टक्क्यांचे क्रीम कितीही फेटले तरी तसे उभे राहत नाही, त्यामुळे त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. ते मिश्रणात सरळ ढवळून टाकावे.

सर्व मिश्रण एकत्र करून ८० ते ८५ अंशांपर्यंत, म्हणजे कडेला बुडबुडे दिसू लागेपर्यंत, सतत ढवळत तापवावे आणि गरम असतानाच मिनिटभर बीटरने घुसळावे, म्हणजे सायीचे गोळे फुटतात. मग गाळून, पातेले बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून लवकर थंड करावे. घरात वृद्ध माणसे असतील तर हे लवकर थंड करणे विशेष सांभाळावे, कारण कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: हे मिश्रण फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर मुरू द्यावे. या वेळात फॅटचे कण थंड होऊन घट्ट होतात, प्रथिने पाणी धरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी फेटताना हवा चांगली अडकते. कारखान्यातही मिश्रण असेच मुरवतात.

गोठवताना प्लास्टिकचा खोल डबा वापरू नये. रुंद, उथळ स्टीलचा डबा आधी रिकामाच फ्रीजरमध्ये थंड करावा, आणि मिश्रण त्यात चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जाड थराने ओतू नये. गोठणे जितके जलद होईल, तितके बर्फाचे कण बारीक राहतात. दीड-दोन तासांनी कडा घट्ट आणि मध्यभाग मऊ दिसला की काढून बीटरने दोन मिनिटे फेटावे, पुन्हा ठेवावे, आणि असे तीन वेळा करावे. मिक्सर वापरायचाच असेल तर थांबून थांबून काही क्षणच फिरवावा. सलग फिरवल्यास मिश्रण गरम होते आणि लोण्याचे कण वेगळे निघतात.

जीएमएस आणि सीएमसी या पावडरींविषयी कोणी ना कोणी विचारेलच. जीएमएस पाणी आणि फॅट यांना एकत्र धरते, सीएमसी पाण्याला घट्टपणा देऊन बर्फाचे कण वाढू देत नाही, आणि योग्य प्रमाणात वापरल्यास दोन्ही खाण्यास सुरक्षित आहेत. नागपूरच्या इतवारीत केक आणि मिठाईचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत त्या मिळतात. या मिश्रणाला पाव चमचा सीएमसी पुरेशी आहे. ती साखरेत कोरडीच मिसळून मग घालावी, नाहीतर गाठी होतात. माझे स्वतःचे मत विचाराल तर, चार दिवसांत संपणाऱ्या घरच्या आईस्क्रीमला आटवलेले दूध आणि कॉर्नफ्लोअर पुरते.

निंबाची सावली यांचे उत्तर

वरच्या उत्तरात फ्रीजरच्या तापमानाचा उल्लेख आहे, म्हणून एवढेच सांगते. माझ्या घरी एक दाराचा जुना फ्रिज होता आणि त्याच्या बर्फाच्या कप्प्यात आईस्क्रीम कधीच नीट बसले नाही. साधे थर्मामीटर ठेवून पाहिले तेव्हा तिथे उणे दहा अंशही टिकत नव्हते. दोन दारांच्या फ्रिजमध्ये उणे १८ मिळू शकतात, परंतु आईस्क्रीम करण्याच्या आदल्या संध्याकाळीच फ्रीजरचा काटा सर्वांत थंड खुणेवर न्यावा, डबा मागच्या भिंतीलगत ठेवावा आणि त्या दिवशी घरातल्यांना बर्फासाठी दार उघडू देऊ नये. वीज जाऊन आली की थोडे वितळलेले पाणी पुन्हा गोठताना मोठ्या कणांना चिकटते, त्यामुळे एकदा पातळ झालेले आईस्क्रीम पुन्हा घट्ट केले तरी पहिल्यासारखे होत नाही. आमच्या भागात एप्रिलपासून दुपारी वीज जाते, म्हणून मी हे काम रात्रीच करते. डब्याचे झाकण लावण्याआधी पृष्ठभागाला चिकटून बटर पेपर दाबून बसवावा, म्हणजे वर बर्फाचा भुगा जमत नाही.

त्रिमूर्तीनगर

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. दूध आटवून रात्रभर मुरवून साधे, फळ न घातलेले आईस्क्रीम काल केले आणि पहिल्यांदाच त्यात चमचा सहज गेला. पाण्याचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे. आता प्रश्न संत्र्याचा. रस म्हणजे बहुतांश पाणीच. तो घातला तर हिशेब बिघडतो, आटवला तर कडू होतो आणि दुधात घातला तर दूध फाटते. अशा वेळी संत्र्याचा स्वाद आणायचा कोणत्या मार्गाने? आणखी एक गोष्ट: माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा, हाताने फिरवायचा आईस्क्रीमचा लाकडी पॉट सापडला आहे. तो वापरावा का?

काटोलची बाग यांचे उत्तर

ताई, आमची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे आणि रसाच्या कडवटपणाचा हा प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा आहे, कारण नागपुरी संत्र्याचा रस बाटलीबंद करून विकताना नेमकी हीच अडचण येते. ताजा काढलेला रस गोड लागतो आणि तोच काही तासांनी कडू होतो, हे आपल्याकडे पुष्कळांनी अनुभवले आहे. बियांमध्ये आणि फोडींच्या पांढऱ्या पापुद्र्यात एक घटक असतो, जो स्वतः कडू नसतो. मात्र फळ पिळले की तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचे लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात रूपांतर होते. उष्णतेने ही क्रिया फार वेगाने होते. तुम्ही रस आटवला, तेव्हा पाण्याबरोबर केवळ कडवटपणाच घट्ट केला. मिक्सरमध्ये बिया फुटल्या असतील तर तो आणखी वाढला असेल.

म्हणून पहिली गोष्ट अशी की संत्र्याचा रस कधीही तापवू नये आणि फोडी मिक्सरमध्ये फिरवू नयेत. फोडींवरचा पापुद्रा हाताने सोलून, बिया काढून, आतला गर अलगद मोकळा करावा. यात वेळ जातो, परंतु नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि फोडी सुट्या होतात, त्यामुळे मोसंबीपेक्षा हे काम पुष्कळ सोपे आहे. चौदा माणसांसाठी आठ-दहा संत्री घ्यावीत.

दुसरी गोष्ट सालीची. संत्र्याचा सुगंध रसात थोडा आणि सालीत फार असतो. सोलताना सालीतून जो फवारा उडतो, ते सालीच्या बाहेरच्या नारिंगी थरातले तेल होय. आईस्क्रीमला हेच हवे, कारण ते फॅटमध्ये विरघळते आणि सोबत पाणी आणत नाही. बाजारातल्या संत्र्यांवर चकाकीसाठी मेणाचा लेप दिलेला असू शकतो, म्हणून ती कोमट पाण्याने चोळून धुऊन पुसावीत. मग चार संत्र्यांची फक्त नारिंगी साल बारीक किसणीवर हलक्या हाताने किसावी. आतला पांढरा भाग आला तर तोही कडवट असतो. हा कीस कृतीतल्या साखरेपैकी दोन-तीन चमचे साखरेत बोटांनी चोळावा. साखर ओलसर, पिवळसर होते आणि सगळ्या स्वयंपाकघरात बाग आल्यासारखा वास सुटतो. ही साखर दूध उतरवल्यानंतर, ते गरम असतानाच घालून झाकावे आणि अर्ध्या तासाने गाळून टाकावे. पूर्ण रात्रभर कीस दुधात राहू देऊ नये.

दूध फाटण्याचे कारण सरळ आहे. दुधातले केसीन हे प्रथिन आम्लता वाढून पीएच ४.६ च्या जवळ आला की गोळा होते, आणि दूध गरम असेल तर त्याच्या बरेच आधी. संत्र्याचा रस याहूनही आंबट असतो. म्हणून रस थोडा, थंडगार आणि सर्वांत शेवटी घालावा. मुरलेल्या सव्वा किलो थंड मिश्रणात १५० मिलिलिटर ताजा, थंड रस ढवळत ढवळत थेंबाथेंबाने घातला तर ते फाटत नाही. विश्वास बसत नसेल तर आधी एका वाटीत करून पाहावे. या रसाचे पाणी सामावून घेण्यासाठी दूध ८०० ऐवजी ७०० ग्रॅमवर आटवावे. रस पिळल्यापासून मिश्रण गोठायला लागेपर्यंत अर्ध्या तासाहून अधिक वेळ जाऊ देऊ नये, कारण कडवटपणाची क्रिया थंडीत फार मंदावते.

सोललेल्या फोडींचे तुकडे तसेच टाकू नयेत. ते बर्फाच्या खड्यांसारखे होतात. त्यांना वजनाच्या चौथाईइतकी साखर लावून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवावे. साखर गरात शिरते, पाणी बाहेर येते आणि तोच नियम लागू होतो जो वर दुधाविषयी सांगितला आहे: साखर मुरलेला तुकडा फ्रीजरमध्येही मऊ राहतो. सुटलेला पाक निथळून शेवटच्या फेटण्याच्या वेळी तुकडे हाताने मिसळावेत. पाक टाकून देऊ नये, सकाळी सरबतात घालावा.

फळ निवडताना केवळ रंगावर जाऊ नये. हातात घेऊन जे आकाराच्या मानाने जड लागेल ते रसाळ. साल फार फुगलेले आणि हलके असेल ते आतून सुकलेले निघते. मृग बहाराची फळे मार्चअखेर संपत येतात, त्यामुळे पाडव्याच्या दोन-तीन दिवस आधीच कळमन्यातून किंवा कॉटन मार्केटमधून घेऊन ठेवावीत.

महालातला वाडा यांचे उत्तर

पॉट मिळाला आहे तर तो अवश्य वापरा. फ्रीजरमध्ये तीन वेळा फेटून जे साधायचे, ते पॉटमध्ये एका बैठकीत होते, कारण भांडे फिरत असताना मिश्रण कडेला पातळ थरात गोठते आणि आतली फळी तो थर लगेच खरवडून काढते. बर्फाच्या कणांना मोठे व्हायला वेळच मिळत नाही. आमच्या वाड्यात दर उन्हाळ्यात आंब्याचे आईस्क्रीम याच पद्धतीने होत असे, आणि अजूनही होते. हाताने फिरवायच्या या यंत्राचे पेटंट नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंनी १८४३ साली घेतले, आणि आजच्या पॉटची रचना मूळच्या त्या कल्पनेपासून फारशी दूर गेलेली नाही.

माळ्यावरून काढलेली लाकडी बादली सुकून फटी पडलेली असते. ती एक दिवस आधी पाण्याने भरून ठेवावी. लाकूड फुगते आणि फटी मिटतात. आतले भांडे मात्र नीट तपासावे. त्याला आतून कल्हई किंवा कथिलाचा लेप असेल आणि तो उडाला असेल, तर संत्र्यासारख्या आंबट पदार्थासाठी ते वापरू नये. सीताबर्डीवरून त्या मापाचा स्टीलचा उभा डबा आणावा किंवा कल्हई करून घ्यावी. बादलीच्या भोकाला बूच बसते की नाही तेही पाहावे.

दोन लिटरच्या पॉटला सहा-सात किलो बर्फ आणि दीड किलो खडे मीठ लागते. लादी गोणपाटात गुंडाळून फोडावी. तुकडे सुपारीपेक्षा मोठे नकोत. थंडी मिठामुळे कशी वाढते, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे. मीठ बर्फावरच्या ओलाव्यात विरघळले की ते पाणी शून्य अंशाला गोठू शकत नाही, म्हणून बर्फ वितळू लागतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता, दर ग्रॅमला ८० कॅलरी, तो आजूबाजूने, म्हणजे आपल्या डब्यातून ओढून घेतो. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ या प्रमाणात खारे पाणी उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. परंतु फिरवताना इतकी थंडी नको, कारण मिश्रण कडेला दगडासारखे धरते आणि फळी अडते. फिरवताना पाचास एक आणि नंतर मुरवताना तिनास एक असे प्रमाण ठेवावे. सव्वा किलो मिश्रण गोठवायला हिशेबाने जेमतेम दीड किलो बर्फ पुरतो. उरलेला सगळा आपल्या नागपूरच्या हवेला लागतो, म्हणून पॉट अंगणात नव्हे, आतल्या थंड खोलीत आणि बादलीभोवती ओले गोणपाट गुंडाळून फिरवावा.

डबा दोन तृतीयांशच भरावा, हवा मिसळल्यावर मिश्रण वर येते. पहिली दहा मिनिटे सावकाश आणि नंतर जोराने फिरवावे. पंचवीस-तीस मिनिटांत दांडा जड लागला की थांबावे. झाकण उघडण्याआधी खारे पाणी झाकणाच्या खालीच आहे, हे पाहून डब्याची कड स्वच्छ फडक्याने पुसावी. मिठाचा एक थेंब आत गेला तर सगळी मेहनत वाया जाते. फळी काढून, झाकण लावून, नवा बर्फ आणि जास्त मीठ भरून दीड-दोन तास ठेवावे. खाऱ्या बर्फात उघड्या हाताने चाचपडू नये. त्याने कातडीला बर्फदाह होतो; मुलांना तर मुळीच हात घालू देऊ नये. आणि कारखान्यातला हा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही, त्यामुळे त्यातले खडे सरबतात टाकू नयेत.

त्रिमूर्तीनगर

काकू, दादा आणि सर्वांनाच कळवते. काल पाडवा होता. दूध ७०० ग्रॅमवर आटवले, साल साखरेत चोळली, रस शेवटी घातला आणि पॉट माझे पती व दीर यांनी आळीपाळीने फिरवला. सत्तावीस मिनिटे लागली. डब्याची कल्हई उडालेली होती, म्हणून स्टीलचाच डबा घेतला. त्याला जुनी फळी बसेना, तेव्हा डबाच बर्फात फिरवत राहिलो आणि दर चार-पाच मिनिटांनी कड पुसून, झाकण उघडून, लाकडी उलथन्याने बाजू खरवडल्या. कचकच अजिबात नव्हती आणि कडवटपणाही नव्हता. रंग पांढराशुभ्र नाही आणि नारिंगीही नाही, अगदी फिकट पिवळा आला. कृत्रिम रंग घालावा असे कोणीतरी सुचवले, पण मी घातला नाही.

सासूबाईंनी पहिला चमचा घेऊन विचारले, “साल किसून घातलीस का?” त्यांच्या आई संत्र्याच्या पाकात अशीच साल चोळत असत, हे मला त्यांनी पहिल्यांदाच सांगितले. दुसरी वाटी त्यांनी स्वतः मागून घेतली. उरलेले सुमारे तीनशे ग्रॅम डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवले होते, ते आज दुपारी पुन्हा जरा कडक वाटले. हे स्वाभाविक आहे का?

फॅट-एसएनएफ

अगदी स्वाभाविक आहे, ताई. पॉटमधून काढताना ते फार तर उणे सहा-सात अंशांवर असते आणि फ्रीजरमध्ये उणे १८ वर जाते, त्यामुळे मधले आणखी पाणी गोठते. शिवाय हाताने केलेल्या आईस्क्रीममध्ये कारखान्याच्या मानाने हवा कमी असते. वाढण्याआधी डबा पंधरा मिनिटे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, बाहेर ओट्यावर ठेवू नये, कारण बाहेर कडा वितळतात आणि मध्य तसाच कडक राहतो. तीनशे ग्रॅम आहे तर दोन-तीन दिवसांत संपवावे, संत्र्याच्या सालीचा ताजा सुगंध त्यानंतर उतरू लागतो.

काटोलची बाग

ऐकून फार आनंद झाला. ऑक्टोबरमध्ये सिवनीकडची सीताफळे येतील तेव्हा याच मिश्रणात गर घालून पाहा. मात्र सीताफळाचा गरही दुधाबरोबर तापवू नका, तोही उष्णतेने कडू होतो. बिया काढून, थंडच, शेवटच्या फेटण्याला घालायचा.